वरच्या मजल्याचं पाणी

स्टोव्हच्या ज्योतीवर लाल केलेला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हेमलता स्टुलावर चढली आणि गीझरच्या तोंडात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात तिने त्याचं टोक खुपसलं. चर्रकन आवाज झाला. जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास न्हाणीघरभर पसरला, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने हात हलू दिला नाही. प्लॅस्टिक पुन्हा घट्ट होऊन पोलादाला धरेपर्यंत थांबायचं आणि मगच फिरवायचं. मघाशी तिने घाई केली होती, तेव्हा टोक तेवढं मोकळं निघून आलं होतं.

हा गीझर घरमालक भीमाचार्यांच्या मुलाने, गुरुराजने, जर्मनीला जाण्यापूर्वी मोठ्या हौसेने बसवला होता. गरम पाणी बाहेर येतं तिथे त्याने नव्या पद्धतीचा म्हणून प्लॅस्टिकचा जोड लावला. उष्णतेने तो ठिसूळ होत गेला आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी मोडला. अर्धा भाग हेमलताच्या हातात आला, आट्यांचा भाग आतच राहिला, आणि सगळं पाणी भिंतीतून खाली भीमाचार्यांच्या कोठीत झिरपलं.

भीमाचार्यांनी अंगणातला वरच्या मजल्याचा कॉक बंद केला, हे ठीकच होतं. पण त्यांनी त्याची चक्रीही काढून घरात नेली, आणि गल्लीतल्या कृष्णमूर्ती प्लंबरला सांगून ठेवलं की वरती काही काम नाही. ते तिला कृष्णमूर्तीकडूनच कळलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला होता, की आचार्यांचा शब्द मोडून मी या गल्लीत कसा राहू? तेव्हापासून ती अंगणातल्या नळावरून बादल्या भरून जिना चढत होती. भीमाचार्य ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसलेले असत आणि तिची बादली भरेपर्यंत पान उलटत नसत.

यामागे तिचा नवरा मधुकर होता, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या क्वार्टरमधून ती दोन ट्रंका घेऊन बाहेर पडली त्याला वर्ष होत आलं होतं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तिची नोकरी होती, म्हणून निभावलं. खोल्या घेताना ती खरं तेच बोलली होती, की मी एकटी राहणार. नवरा परगावी बदलीवर असेल असं आचार्यांनी आपलं आपण धरलं. मग महिन्यापूर्वी मधुकर इस्त्रीच्या शर्टात आला, ओसरीवर बसून कॉफी प्यायला, आणि चार घरची पुरुषमाणसं बोलतात तसं बोलून गेला. वर येण्याची तसदी त्याने घेतली नाही. त्याने हात उगारला होता ते तो अर्थातच बोलला नसणार. जाताना त्याने भीमाचार्यांना वाकून नमस्कार केला. तो तिने वरून पाहिला.

तिने स्क्रू-ड्रायव्हर सावकाश डावीकडे वळवला. आधी काहीच झालं नाही. मग आत कुठेतरी कट् झालं आणि तुकडा फिरू लागला. बाहेर आला तेव्हा तो तिच्या अंगठ्याएवढाही नव्हता.

नवा जोड तिने काल चिकपेटेच्या बाजारातून आणला होता. दुकानदाराने यजमानांना पाठवा म्हणून तिला दोनदा परतवून लावलं. तिसऱ्यांदा तिने गल्ल्यावर कागद ठेवला. जोडाचा आकार, आट्यांची जाडी, सगळं मापासकट काढलेलं. मग त्याने मुकाट्याने पितळी जोड काढून दिला, आणि ताग नि गळती रोखायचा सफेदाही.

तिने आट्यांवर तागाचे धागे गुंडाळले, वर सफेदा चोपडला, जोड आधी हाताने बसवला आणि मग पान्याने आवळला. हातांना फोड आले होते. पाना तसाच हातात घेऊन ती खाली उतरली.

भीमाचार्य ओसरीवरच होते. बाजूला त्यांच्या पत्नी वसुमतीबाई पावट्यासारख्या अवऱ्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी सूप बरंच भरलं होतं.

हेमलता म्हणाली, "आचार्य, जोड बसवला आहे. चक्री द्या."

"महिनाअखेर खोल्या सोडा. मग बघू."

"चक्री आज हवी आहे."

"नवरा असताना बाईमाणसानं असं वेगळं राहायचं, हे आमच्या घरात चालत नाही. मधुकरराव सज्जन माणूस आहेत. स्वल्प राग असेल, जाईल."

"मी तिकडे परत जाणार नाही. आणि खोल्या माझ्याकडे आहेत तोवर पाणीही माझं आहे."

ती अंगणात गेली, कॉकपाशी गुडघे टेकून बसली, चक्री नसलेल्या दांड्याला तिने पान्याचं तोंड लावलं आणि सगळं अंग घालून ओढलं. भीमाचार्य उठून पायरीपर्यंत आले. समोरच्या घरातल्या दोन बायका खिडकीच्या गजांशी येऊन उभ्या राहिल्या. हेमलताने मान वर केली नाही. दांडा फिरला आणि नळीतून पाणी वर चढल्याची घरघर सगळ्यांना ऐकू आली.

भीमाचार्य कोठीत गेले. बराच वेळ ते तिथे भिंतीला तळहात लावून उभे होते. बाहेर आले तेव्हा हात कोरडाच होता, तरी त्यांनी तो धोतराला पुसला.

"तरीही महिनाअखेर," ते म्हणाले.

हेमलता वर आली. टाकी भरली, तिने जोडावरून बोट फिरवलं आणि मग स्विच लावला. लाल दिवा लागला. ती स्टुलावर बसली. महिना संपायला किती दिवस उरले ते तिने बोटांवर मोजलं.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एकेका पायरीवर थांबत वसुमतीबाई वर येत होत्या. काखेत घडी केलेलं लुगडं, खांद्यावर पंचा. या जिन्यावर त्यांना हेमलताने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

खालून भीमाचार्यांचा आवाज आला, "अहो, कुठं चाललात?"

"न्हायला," वसुमतीबाई कठडा धरून म्हणाल्या.

"लोक काय म्हणतील?"

"विचारलं तर सांगा, वरती पाणी चांगलं तापतं."

दारात येऊन त्यांनी दम घेतला. हेमलताकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि तिच्या फोड आलेल्या तळहातावर आपली वाकडी बोटं टेकवली.

"हेमाक्का, कुठला नळ गरमचा?"

तिने दाखवला. त्यांनी आतून कडी लावली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. तो थांबेचना. बादली भरून वाहत असावी. आत वसुमतीबाई न्हाताना म्हणायचं स्तोत्र पुटपुटत होत्या, मध्येच ते थांबलं, आणि नुसतं पाणी ऐकू येत राहिलं.

खाली कॉफीची वेळ झाली. भीमाचार्यांनी एकदा हाक मारली, पुन्हा एकदा मारली. मग जिन्यावर त्यांच्या खडावा वाजू लागल्या.

हेमलता बाहेर येऊन जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर मध्यभागी बसली. मांडीवर पाना होता. खडावा निम्म्या जिन्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"त्यांना स्वल्प वेळ लागेल," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.