तात्यांच्या नावाचा कप

मी एक जुना कप आहे, पण माझ्यातून कोणी कधी चहा प्यायलेला नाही. मी निळ्या प्लॅस्टिकचा, उंच, झाकणाचा कप. माझ्या तळाशी नखाएवढी एक चकती बसवलेली आहे आणि मित्रांनो, त्या चकतीत एका माणसाचे नाव आहे. त्या माणसाने मला कधी हातात घेतले नाही. तरीही मी त्यांचाच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात ओतले आणि गार झाल्यावर आम्ही टपाटप बाहेर पडलो. एक बाई प्रत्येकाच्या तळाशी चकती दाबून बसवत होती. शेजारणीशी तिच्या गप्पा चालू होत्या, हात मात्र चुकत नव्हता. तेव्हा माझी चकती कोरी होती, आणि कोऱ्या कपाला कशाचे दुःख नसते.

पुढे मी एका मोठ्या प्रवासी जहाजावर आलो. तिथे पाणी आणि चहा-कॉफी तिकिटातच मिळे. फसफसणाऱ्या शीतपेयांचे पैसे मात्र वेगळे. एकतर सुटा ग्लास घ्यावा, नाहीतर सुरुवातीलाच पॅकेज घ्यावे आणि प्रवासभर हवे तितके प्यावे. पॅकेज घेणाऱ्याला माझ्यासारखा एक कप देत. जेवणघराबाहेर कपाटाएवढे एक यंत्र होते. कप त्याखाली ठेवला की ते चकती वाचायचे, पडद्यावर मालकाचे नाव दाखवायचे आणि मगच पेय द्यायचे.

प्रवासाच्या पहिल्याच दिवशी काउंटरपुढे एक आजी उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या तरुणाने विचारले, "आजी, तुमच्या खोलीत दोन नावं आहेत. पॅकेज दोघांना देऊ की एकालाच?"

"एकालाच दे बाबा. त्यांना लागतं. मला ते फसफसणारं आवडत नाही."

जन्मभर प्रत्येक दुकानात त्या असेच सांगत आल्या होत्या. तोंडातून सवयीने शब्द गेले. तरुणाने बटणे दाबली आणि माझ्या चकतीत नाव उतरले, 'तात्या'.

एवढ्यात आजींचा मुलगा मागून आला. "आई, हे काय घेतलंस?"

"कप."

"कुणासाठी?"

आजींनी माझ्याकडे पाहिले. तात्या, म्हणजे आजींचे पती, काही महिन्यांपूर्वीच वारले होते. प्रवासाची तिकिटे त्यांनीच हौसेने काढली होती. तिकिटाच्या अर्जावर 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' असे छापले होते, तिथे त्यांनी 'तात्या' लिहिले होते. ते गेल्यावर आजींचे मन रमावे म्हणून मुलगा, सून आणि नात त्यांच्यासोबत आले. पण खोलीतून तात्यांचे नाव कमी करायला हवे, हे कोणाच्याच तोंडून निघाले नाही. जो तो दुसरा करील म्हणून गप्प राहिला.

मुलाने तरुणाला हळू आवाजात सांगितले. तो ओशाळला. "माफ करा. रद्द करता येईल, पैसेही परत मिळतील. फक्त कप एकदाही भरलेला नको. नाही तर नाव बदलून देतो."

मग मला टेबलावर मधोमध ठेवून सगळे बसले. सून हिशेबाला पक्की होती. "रोज पाच ग्लास प्यायलो तर कुठे सुट्या ग्लासांशी बरोबरी होते. पाच ग्लास! त्यातून बंदर आलं की आपण दिवसभर खाली उतरणार. आणि एवढी साखर पोटात घालायची ती कशासाठी?"

"माझ्या नावावर करा ना, मी सहा पिईन," नात म्हणाली. ती एका जागी बसत नसे, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत.

"हो, आणि मग बाथरूममध्येच मुक्काम ठोक."

"मी लिंबाचं पिईन. लिंबू फळ असतं!"

आजीसुद्धा हसल्या. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "तात्या असते तर..." आईने तिला कोपर मारले.  आजी रडतील म्हणून मुलगा ते नाव घेत नव्हता, मुलगा खचेल म्हणून आजी घेत नव्हत्या. त्या घरात ते नाव दार लावून बंद केले होते.

"ठरलं तर. परत देऊन टाकू," मुलगा म्हणाला.

"मी देऊन येते," आजी म्हणाल्या आणि मला घेऊन निघाल्या.

काउंटरच्या वाटेवरच ते यंत्र होते. आजी तिथे थबकल्या. त्यांनी मला सहज त्याखाली ठेवले. यंत्र गुरगुरले, पडदा उजळला. 'या तात्या! काय घेणार?'

आजी पडद्याकडे वाकल्या. त्यांनी मागे वळून पाहिले, कोणी नव्हते.

"संत्र्याचं," त्या यंत्राला म्हणाल्या. "ते संत्र्याचंच घेतात."

आणि त्यांनी बटण दाबले. मी काठोकाठ भरलो. आता पैसे परत मिळणार नव्हते.

त्या दिवसापासून आजी मला खोलीतल्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवत. खोली झाडणारी बाई रोज दोन टॉवेल ठेवी, दोन उश्या सारख्या करी आणि विचारी, "साहेब आजही फिरायला गेले वाटतं?"

"त्यांना एका जागी कुठे बसवतं!" आजी म्हणत.

माझ्यातले बुडबुडे वर येऊन फुटत राहत. शेजारच्या खोलीत कोणीतरी कुजबुजत असावे, तसा तो आवाज. आजी समोर बसून ऐकत. पेय अगदी मचूळ झाले की ते मोरीत ओतत, मला विसळत आणि पुन्हा यंत्राकडे नेत. 'या तात्या!' मित्रांनो, मला भीती वाटायची. मी तहानलेल्यांसाठी घडलो होतो आणि मला कोणाचा ओठ लागत नव्हता. कधी आजींची पाठ वळली की समोरची खुर्ची किंचित करकरे. जहाज हलत होते म्हणूनही करकरली असेल.

एका बंदरावर मुलगा आणि सून खाली उतरले. भिंगरीला सर्दी झाली होती, म्हणून ती आजीजवळ राहिली. यंत्रापाशी ती मागोमाग आली. आजींनी पडद्यावर तळहात धरला, पण उशीर झाला होता.

"आजी, याला आपले तात्या कसे माहीत?"

 भिंगरीने आजींचा हात हळूच बाजूला केला आणि ते नाव मोठ्याने वाचले. मग पुन्हा एकदा वाचले.

खोलीत आल्यावर ती रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "आजी, एक सांगू? रागावू नकोस. तात्या तुझ्यासाठी दुकानातून सरबत आणायचे ना, त्यातला पहिला घोट मला द्यायचे. म्हणायचे, आजीला सांगू नको."

"अस्सं! आणि मला म्हणायचे, तो दुकानदार कमी भरतो! मी त्या बिचाऱ्याशी भांडून आले होते गं!"

आजी हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले, तरी हसू थांबेना. मग त्यांनी मला उचलून तोंडाला लावले. "शी! काय मेलं हे! आणि हे असलं प्यायचे?" उरलेले भिंगरी प्यायली. मी पहिल्यांदा कोणाच्या तरी पोटात रिकामा झालो.

त्या संध्याकाळी आजींनी दुकानदाराची गोष्ट जेवताना सगळ्यांना सांगितली. मुलाचा घास हातातच राहिला. घास खाली ठेवून तो म्हणाला, "तात्यांनी मलाही एकदा असंच..." आणि मग तो बोलतच राहिला. सुनेने हलकेच विचारले, "आई, कप परत दिलाच नाहीत ना? किती ग्लास झाले?"

"कोण मोजतंय!" आजी म्हणाल्या.

शेवटच्या सकाळी त्यांनी मला पुन्हा यंत्राखाली ठेवले. पडद्यावर फक्त 'मुदत संपली' एवढेच आले. नाव नव्हते. मागे रांग लागली होती. "आजी, झालं का?" कोणीतरी विचारले.

"झालं," त्या म्हणाल्या. मला पदराने पुसले आणि अगदी हळू म्हणाल्या, "चला हो आता."

त्याला खूप वर्षे झाली. माझे झाकण हरवले, रंग उडाला, काठाला चीर गेली. आजीही आता नाहीत. मी भिंगरीच्या स्वयंपाकघरात चमचे सांभाळतो, आणि महिनोन् महिने माझ्याकडे कोणी पाहत नाही.

मित्रांनो, असे पॅकेज घ्यायची वेळ आली तर सुनेसारखा हिशेब जरूर करा. आपली तहान किती, ते आधी ओळखा, म्हणजे उगाच खर्च होणार नाही. पण घरातून गेलेल्या माणसाचे नाव मनात कोंडून ठेवू नका. ते ऐकायला कोणाला यंत्रापुढे उभे राहावे लागू नये. आज जेवताना एकदा तरी ते मोठ्याने घ्या.

परवा भिंगरीच्या मुलीने चमचा काढताना मला उलटे करून पाहिले. "आई, हा फुटका कप कुणाचा गं?"

"तात्यांचा," भिंगरी म्हणाली.

माझ्यात तेव्हा थेंबभरही काही नव्हते. तरी तळाशी एक बुडबुडा फुटल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.