मंजूबाईची जागा

“दोन मंडया अन् एक माणूस? मेजर, मी काय हनुमान हाव का?” हजेरीच्या रांगेतून ओमेश बोलला.

“हनुमान असतास तं पेट्रोल नसतं मागितलं,” दुर्गाप्रसाद कटरे मान वर न करता म्हणाले. “सकाळून मोठी मंडई कर, दुपारून लहान. नाटकाच्या टायमाले दोन होमगार्ड देतो.”

“होमगार्डले लोक भेत नाहीत जी.”

“तुले तरी कोण भेते?”

रांग हसली. ठाण्याच्या पटांगणात रोज सकाळी एवढंच हसू व्हायचं. मग माणसं दिवसभरासाठी पांगायची.

दुर्गाप्रसाद ठाण्याचे हजेरी मेजर होते, म्हणजे आज कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवणारे जुने हवालदार. तपास अधिकारी करत आणि त्यांची नावं वर्तमानपत्रात येत. दुर्गाप्रसाद जागा भरत. मंजूर संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त माणसं ठाण्यात होती. त्यातली काही जिल्ह्याच्या कार्यालयात ओढलेली, काही आजारी, एक निलंबित. जे निवृत्त झाले त्यांची खुर्ची तेवढी राहिली होती. शिमगा, रामनवमीची शोभायात्रा, बारावीची परीक्षा, गणपती, दुर्गा उत्सव, मधूनच एखाद्या मंत्र्याचा दौरा. वर्षभर तीच माणसं एका ठिकाणाहून उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची. दुर्गाप्रसादांच्या घरी धानाची शेती होती; धानाच्या रोपांना तिकडे पऱ्हे म्हणतात आणि खाचराला बांधी. ते म्हणत, “पऱ्हे कमी अन् बांधी मोठी. पातळ लावा लागते.”

दिवाळी झाली की हे पातळ लावणं आणखी पातळ होई. भाऊबीजेनंतर एकेका गावाची मंडई भरते. लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं, आणि प्रत्येक गावचा सरपंच ठाण्यात येऊन बंदोबस्त मागतो. नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी एका गावाला नाही म्हटलं, त्याच गावात डोकी फुटली.

रांगेच्या टोकाला महिला हवालदार मंजू कापगते उभी होती. तिचं काम वाचून दाखवायची गरज नसे. ठाण्यात बाई एकटीच होती. बाई आरोपीची झडती, कोर्टात ने-आण, दवाखान्यातला जबाब, मृत बाईचा पंचनामा, घरातून निघून गेलेली मुलगी सापडली तर तिच्याजवळ बसणं, सगळं मंजूबाई.

“मेजर,” बाकीचे गेल्यावर ती जवळ आली. “ती दिव्या सलामे काल सुटली म्हणे देवरीवरून. आज येते.”

“मे महिन्यापासून येऊनच राहिली ती. पायी निघाली का?”

मंजू हसली नाही. मे महिन्यात तिची बदली अर्जुनी मोरगावला झाली होती. आदेश हातात होता. पण बदलीची बाई हजर झाल्याशिवाय तिला सोडायचं नाही, असं साहेबांचं म्हणणं. बदलीची बाई म्हणजे ही दिव्या, देवरीच्या ठाण्यात अडकलेली, कारण तिच्याही जागी कोणी येत नव्हतं. अर्जुनीजवळच्या गावात मंजूची सासू अनुसयाबाई जुलैपासून अंथरुणाला होती. अर्धं अंग गेलं होतं. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षीच वारला होता. आता सासूचं खाणंपिणं, कपडे, कूस बदलणं हे सगळं मंजूची मुलगी रुची करत होती. रुची नववीत होती. दिवाळीआधीच्या परीक्षेचे तीन पेपर तिने दिले नव्हते.

“काल शाळेतून फोन आला,” मंजू म्हणाली. “मास्तर म्हणाले, पोरीले पाठवणार नसान तं नाव काढून घ्या.”

“मंग तू काय म्हणालीस?”

“म्हणाली, या आठवड्यात येतो. दर आठवड्यात हेच म्हणतो.”

हे ‘या आठवड्यात’ मुळात दुर्गाप्रसादांच्याच तोंडचं होतं. पंधरा दिवस थांब, गणपती होऊ दे, दुर्गा उत्सव होऊ दे, हे तेच सांगत आले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दर वेळी ते खरं वाटत असे.

अकराच्या सुमाराला देवरीकडची एसटी आली आणि थोड्या वेळाने एक बाई ठाण्याच्या पायऱ्या चढली. साडी नेसलेली, हातात पिशवी, एक हात कठड्यावर. पायरीगणिक थांबत होती. डायरीवर बसलेला नीलेश तक्रारदार समजून उठला.

“बसा मावशी. काय झालं?”

“हजर व्हाले आली,” ती म्हणाली. “दिव्या सलामे.”

नीलेशने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मग दुर्गाप्रसादांकडे.

“कितवा?” दुर्गाप्रसादांनी विचारलं.

“नववा लागला जी.”

“अन् ड्युटी करतेस?”

“नाही जी. आज हजर होतो अन् रजेचा अर्ज देतो. बाळंतपणाची.” तिने पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर ठेवले. पाय सुजले होते. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

दुर्गाप्रसाद खुर्चीत मागे रेलले. “बाई, रजेवरच जायचं होतं तं देवरीवरूनच गेली असतीस. अर्ज तिथं दिला असता. एवढ्या खड्ड्यातून यायची काय गरज होती? तुले कोणी सांगितलं नाही का?”

“सांगितलं जी. तिथल्या साहेबांनी बी सांगितलं. डॉक्टर तं शिव्या देऊन राहिली होती.” ती पाणी प्याली. “पण मी थेट रजेवर गेली असती तं इथं हजर झाली नसती. मंग कापगते ताई पुढच्या मे महिन्यापर्यंत अडकल्या असत्या. माझी रजाच सहा महिन्याची हाय.”

नीलेशने लिहिणं थांबवलं.

“तू ओळखतेस का तिले?”

“फोनवर. सप्टेंबरात चिडल्या होत्या माझ्यावर. म्हणाल्या, तुले माझ्या पोरीची हाय लागंल.” दिव्या थोडी हसली. “मले राग आला होता. मंग दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. रडल्या. मी म्हणाली, सुटली का येतो. काल सुटली.”

मंजू तेव्हा कोर्टात होती. दुर्गाप्रसादांनी साहेबांना फोन लावला. ठाणेदार साहेब जिल्ह्याला मासिक बैठकीत होते. बाहेर येऊन बोलले. माणूस घाटाकडचा, पश्चिम महाराष्ट्रातला, कामाला पक्का, मनानं वाईट नव्हता.

“नववा महिना?” ते म्हणाले. “मग तिला हजर कशाला करून घेता, कटरे? रजेचा अर्ज घ्या, ती परस्पर रजेवर गेली असं कळवा आणि गाडीने घरी पोचवा. कापगतेला सोडू नका.”

“साहेब, ती हजर व्हाले आली.”

“आली असेल. पण ती हजर झाली तर आपल्याकडे कागदावर बाई आणि प्रत्यक्षात कोणी नाही. पुढच्या आठवड्यात मोर्चा आहे. उद्या एखादी मुलगी आली, तर तिचा जबाब तुम्ही घेणार का? मला दुसरी बाई कोणी देणार नाही. म्हणतील, दिली की तुम्हाला.”

“होय साहेब.”

“मग?”

“होय साहेब.”

दुर्गाप्रसादांनी फोन ठेवला. साहेबांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. जुलैत मंजू तीन दिवस सासूजवळ दवाखान्यात होती, तेव्हा एका बाईला जबाबासाठी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं होतं. मधल्या वेळात तिचा दीर आणि गावचे दोघे आले, बाकड्यावर तिच्या दोन्ही बाजूंनी बसले आणि समजावत राहिले. शेवटी ती म्हणाली, माझी काही तक्रार नाही. ती उठून गेली तेव्हा बाकडं पुसायला सांगण्याव्यतिरिक्त दुर्गाप्रसादांना काही करता आलं नव्हतं.

समोर दिव्या डोळे मिटून बसली होती. तिचा हात पोटावर होता आणि तोंडातल्या तोंडात ती काही मोजत होती, किंवा नुसतीच श्वास घेत होती.

“नीलेश,” दुर्गाप्रसाद म्हणाले. “डायरीत घे. महिला शिपाई दिव्या सलामे हजर झाली. टाइम टाक.”

“मेजर, साहेब तं...”

“साहेबांनी तुले सांगितलं का मले?”

“तुमाले.”

“मंग लिही.”

नोंद झाल्यावर त्यांनी आधी हजर झाल्याचा कागद घेतला आणि मग रजेचा. मंजूच्या कार्यमुक्तीच्या कागदावर ठाण्यात असलेल्या फौजदाराची सही घेतली. तो तरुण होता. त्याने विचारलं, साहेबांना कल्पना आहे ना? दुर्गाप्रसाद म्हणाले, आता देतो. आणि त्यांनी त्याच्यासमोरच फोन लावला.

“साहेब, सलामे हजर झाली. नोंद झाली. कापगतेले सोडलं.”

पलीकडे बैठकीच्या हॉलचं दार लोटल्याचा आवाज आला.

“मी काय सांगितलं होतं, कटरे?”

“सांगितलं होतं साहेब. मीच केलं हे.”

“मग आता बाई तुम्हीच शोधा.” फोन बंद झाला.

मंजू कोर्टातून आली तेव्हा दिव्या विश्रांतीच्या खोलीत पाय वर करून पडली होती. दारातच मंजूची पावलं थांबली. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच पाहिलं.

“अवो बाई,” मंजू म्हणाली, “अशी आलीस तू?”

“तुमीच म्हणाल्या होत्या, कशी बी ये.”

मंजू खाली बसली आणि तिच्या पायाला हात लावून पाहू लागली. बोट दाबलं की खळगा राहत होता. “मी त्या दिवशी बोलली ते मनात ठेवू नको वो.”

“ठेवलं असतं तं आली असती का?”

मग दुसरी बोलणी झाली. कितवं बाळ, सासर कुठलं, दवाखाना कोणता. मंजूने तिला कपाटाची किल्ली दिली. आत दोन जुन्या साड्या होत्या, फाटक्या कपड्यांत येणाऱ्या बायांसाठी ठेवलेल्या, आणि बिस्किटाचे पुडे. दिव्या म्हणाली, मी काय करू किल्ली घेऊन, मी तं चालली. दोघी हसल्या आणि किल्ली नीलेशच्या टेबलावर गेली.

दुर्गाप्रसादांनी मंडईच्या बंदोबस्ताची गाडी वळवून दिव्याला घरापर्यंत पोचवायची व्यवस्था केली. ड्रायव्हर कुरकुरला, तेव्हा म्हणाले, “खड्डा आला का उतरून गाडी ढकल, पण हळू ने.”

मंजूची एसटी तीनची होती. ती पिशवी घेऊन टेबलासमोर उभी राहिली.

“मेजर, कोणी बाई आली तं?”

“तुले काय करायचं? तुयी बदली झाली.”

“तरी...”

“जाय. इथं रडू नको, लोक म्हणतीन मेजरनं मारलं. पोरीले शाळेत पाठव. तिकडच्या मेजरनं जास्त ताणलं तं माझं नाव सांग.”

“तुमचं नाव सांगितलं तं आणखी ताणतीन.”

“जाय मंग न सांगता.”

तिने सलाम केला. सहा वर्षांत असा नीट सलाम तिने त्यांना केला नव्हता. त्यांनीही उठून केला.

पाच वाजता ठाणं जवळजवळ रिकामं होतं. मंडयांना माणसं गेली होती. तिशीची एक बाई फाटकातून आली, पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेला. पायरीशीच थांबून तिने विचारलं, “बाई हायेत का?”

नीलेशने दुर्गाप्रसादांकडे पाहिलं.

“काय काम होतं?” दुर्गाप्रसाद म्हणाले.

“बाईले सांगीन.”

“नाव काय तुमचं?”

“शामकला.”

त्यांनी तिला आत बसवलं आणि शेजारच्या ठाण्याला फोन केला. त्यांची बाई मंडईत होती. नाटक सुरू होऊन गर्दी बसली की पाठवतो म्हणाले. दुर्गाप्रसाद परत आले आणि जे होतं ते सांगितलं. आमची बाई आजच बदलून गेली. नवीन बाई रजेवर आहे. शेजारची येईल, पण दोन-तीन तास लागतील.

“उद्या सकाळून येता का? उद्या मी पक्की बोलावून ठेवतो.”

“उद्या नाही जमणार जी. घरचे आज मंडईले गेले म्हणून निघता आलं. नाटक होयेपर्यंत येत नाहीत ते.” तिने बाकड्याची कड धरली. “बसतो मी.”

दुर्गाप्रसादांनी नीलेशला डायरी घेऊन व्हरांड्यात बसायला सांगितलं. मग स्वतःची खुर्ची उचलून दारात नेली आणि रस्त्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसले. कोणी दीर, कोणी गावकरी आता त्यांना ओलांडल्याशिवाय आत जाऊ शकणार नव्हता. मग मागून आवाज आला.

“त्रास नवऱ्याचा नाही जी. सासऱ्याचा हाय.”

“बाई, हे मले सांगू नका,” दुर्गाप्रसाद म्हणाले. “हे कायद्यानं बाईनंच लिहा लागते, मले लिहिता येत नाही. बाई आली का तुमाले पुन्हा पहिल्यापासून सांगा लागंल.”

“पुन्हा सांगीन.” बाकडं करकरलं. “एकडाव बोलून पाहतो. तोंडातून निघते का नाही.”

मंडईला जाणाऱ्या लोकांनी भरलेला ट्रॅक्टर समोरून गेला. त्याचा आवाज दूर जाईपर्यंत दुर्गाप्रसाद थांबले. मग मान न वळवता म्हणाले, “बोला.”