ओठातली शाळा

मामाच्या खालच्या ओठावर मधोमध एक पांढरट, खरखरीत डाग होता. मामा त्याला पदक म्हणायचा. "लोक छातीवर मिरवतात, मी ओठावर," असं म्हणून तो ट्रंपेट तोंडाला लावायचा आणि विषय तिथेच संपायचा. शहरातल्या बँडमध्ये तो पहिला ट्रंपेटवाला. बँड बागेत, भर उन्हात वाजायचा, आणि दोन गाण्यांच्या मधे मामा ओठाची सालपटं दातांनी सोलत बसायचा.

त्याची भाची डॉक्टर होती. पण नाडी बघणारी, औषध देणारी नव्हे. माणसांच्या अंगातून काढलेले छोटे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि रोग कोणता ते सांगायचं, हे तिचं काम. अजून शिकतच होती. तिने मामाला खरोखरच कान धरून सर्जनकडे नेलं. सर्जननी ओठाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि म्हणाले, "साधं असेल तर थोडक्यात भागेल. वाईट निघालं, तर ओठाचा बराच भाग काढावा लागेल."

"मग वाजवता येईल?" मामाने विचारलं.

सर्जन छताकडे बघू लागले. मामाला उत्तर कळलं.

तुकडा तपासायला गेला तो भाचीच्याच खोलीत. तिथे तो आधी पातळ मेणात ठेवतात, मेण थिजवून वडी करतात, वडीचे कागदाहून पातळ काप काढतात आणि काचेवर रंगवतात. मेणात ठेवण्याचं काम करणाऱ्या तंत्रज्ञबाईंचा पाय मुरगळला होता, त्या रजेवर. "मामाचा तुकडा मीच ठेवते," भाची म्हणाली. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तिचं मन होईना.

काच तयार झाली तेव्हा मामा बाहेर बाकावर बसून शीळ घालत होता. भाचीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि लगेच खुर्ची मागे सारली. काच उचलून ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

मोठ्या बाई त्या विभागाच्या प्रमुख. रविवारी शेजारपाजारची मुलं गोळा करून त्यांना मुंगीचा पाय नाहीतर कांद्याची साल दाखवायच्या. मोठ्यांनाही त्या मुलांसारखंच शिकवत. उत्तर कधी द्यायच्या नाहीत, प्रश्न मात्र हवे तितके.

"बाई, मामाची स्लाइड. वाईट आहे."

"आपल्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, हे किती वेळा सांगितलंय? डोळे भिजले की सगळं वाकडं दिसतं. दे इकडे." बाईंनी काच लावली. "बस. आता मला सांग, मी शेजारची चिमुरडी आहे असं समजून. चांगली त्वचा कशी असते?"

"बाई, मामा बाहेर..."

"शीळ घालतोय. ऐकू येतंय. सूरही बरा आहे. सांग."

भाचीने डोळे पुसले. "शाळेसारखी असते. पेशी म्हणजे मुलं. तळमजल्यावर पहिलीची. गोल, काळीभोर, दाटीवाटीने बसलेली. नवी मुलं फक्त तिथेच जन्मतात. मग ती एकेक मजला वर चढतात. चढता चढता मोठी होतात, पसरट होतात, अंगात ताकद भरतात. शेवटच्या मजल्यावर दप्तर टाकून देतात..."

"दप्तर म्हणजे?"

"पेशीचं केंद्रक. मग चपटी, कोरडी होऊन गच्चीवर जातात आणि गळून पडतात. ओठाची सालपटं म्हणजे तीच पास झालेली मुलं."

"छान. आणि इथे काय दिसतं?"

"जिकडे तिकडे पहिलीचीच मुलं. कोणी मोठंच होत नाही. गच्चीच नाही, बाई. गाठ होते ती अशीच, ज्यांना मोठं व्हायचं नाही त्यांची."

बाईंनी काच थोडी सरकवली. "गच्ची नाही, की तुला दिसली नाही?"

"म्हणजे?"

"या मुलांच्या गर्दीत गोल गोल खिडक्या आहेत, गुलाबी. त्या कसल्या?"

भाचीने वाकून पाहिलं. खिडक्या होत्या खऱ्या. घाबरलेल्या डोळ्यांना त्या मघाशी दिसल्याच नव्हत्या. "त्वचेच्या खालचा भाग... बोटांसारखा वर घुसलेला असतो, तो. आडवा कापला गेला की गोल दिसतो." ती थांबली. "आडवा!"

"हं. शाळा बघायची तर उभी चिरायची. तळमजल्यातूनच सुरी आडवी फिरवली तर काय दिसणार?"

"फक्त पहिलीची मुलं." भाचीने कपाळावर हात मारला. "तुकडा मेणात सारखा कलंडत होता, बाई. शेवटी तो नीट बसावा म्हणून मी चिमट्याने दाबून आडवाच केला."

"झोपवलंस मामाच्या ओठाला. उठव आता."

वडी वितळवली. या वेळी बाई शेजारी उभ्या राहिल्या. भाचीने तुकडा मेणात कडेवर उभा केला, मेण थिजेपर्यंत धरून ठेवला, नवे काप काढले, रंगवले. तोवर मामा दोनदा दारात डोकावून गेला. "काय गं चिंगे, मेणबत्त्या करताय का आत? मी बाहेर बसून वाळलो!"

"बस जरा, मामा. ओठ खाऊ नकोस!"

नव्या काचेवर शाळा दिसली. तळमजला, वरचे वर्ग, दप्तरं टाकलेली मुलं, आणि जाड का होईना, गच्ची. भाची हसायला लागली ती थांबेचना.

"हसून झालं की डावा कोपरा बघ," बाई म्हणाल्या.

डाव्या कोपऱ्यात, चिमूटभर जागेत, मुलं दुसऱ्या मजल्यावर आली होती तरी पहिलीचीच राहिली होती. गोल, काळी, दप्तर घट्ट धरलेली. वरच्या मजल्यांवर मात्र वर्ग पुन्हा सुरळीत.

"थोडी आहेत," भाची हळूच म्हणाली. "पण आहेत."

"म्हणून आता मामाला आत बोलाव. हे त्यालाही कळलं पाहिजे. त्याच्याच दातांचा प्रश्न आहे."

मामा आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला. "ओठ राहतोय का, तेवढं आधी सांगा."

"राहतोय," बाई म्हणाल्या. मामाने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "पण डागाचा एक कोपरा द्यावा लागेल. ओठ म्हणजे शाळा समजा, आणि पेशी म्हणजे खालून वर चढणारी मुलं. तुमच्या शाळेत काही उनाड मुलं आहेत. उन्हाने बिघडलेली असावीत. ती मोठी व्हायला तयार नाहीत. नुसती बसून राहिली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण तुम्ही काय करता? रोज सालपटं ओरबाडता."

"सवय आहे हो."

"ओरबाडलं की ओठ घाबरतो. नवी मुलं जन्माला घाला, भराभर वर पाठवा, असा हुकूम सुटतो. शहाणी मुलं हुकूम पाळतात. मोठी होतात, वर जातात, गळून जातात. उनाड मुलं जन्म देण्याचा हुकूम पाळतात, वर जाण्याचा नाही. मग शहाण्यांची रिकामी झालेली जागा कोणाला मिळते?"

"उनाडांना."

"असं पुन्हा पुन्हा झालं तर?"

"सगळी शाळाच उनाडांची," मामा म्हणाला, आणि दातांकडे निघालेला ओठ त्याने मधेच थांबवला. "म्हणजे रोज मीच घंटा वाजवत होतो!"

"घंटा थांबली की बरेचदा ती जागच्या जागी बसतात. पण बरेचदा म्हणजे नेहमी नव्हे. म्हणून तो कोपरा काढायचा, उन्हात जाताना ओठाला मलम लावायचं, दातांना सुट्टी द्यायची आणि तपासायला येत राहायचं."

भाचीने सर्जनना फोन लावला. पलीकडून ते म्हणाले, एवढ्याशा कोपऱ्याला दोन टाके पुरतील. जखम भरली की वाजवायला हरकत नाही.

"भरायला किती दिवस?" मामाने फोनच्या दिशेने मान लांब केली.

"टाके निघून ओठ मऊ होईपर्यंत, मामा. तोवर फुंकायचं नाही."

"अगं, तोवर बँडमध्ये जाऊन मी करू काय?"

"ऐकायचं. दुसरे वाजवतात ते."

मामाने बाईंकडे दयेची याचना केल्यासारखं पाहिलं. "बाई, आमच्या बँडचा दुसरा ट्रंपेटवाला तुम्ही ऐकला नाहीत. थोडा ओठ अजून कापा, पण ही शिक्षा नको."