मागे राहिलेला अँप्लिफायर

मी बेस गिटारचा अँप्लिफायर बोलतोय. जुन्या पद्धतीचा, जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हचा. बटण दाबलं की लगेच बोलत नाही. आधी तापतो, मग तोंड उघडतो. स्पीकर माझ्या पोटातच आहे. त्यामुळे मला उचलणारा प्रत्येक जण एकदा तरी माझ्या बनवणाऱ्याचा उद्धार करतो.

या घरात दोन भावंडं राहायची. धाकटा बेस वाजवतो, तो माझा मालक. थोरली बहीण घरीच शिवणकाम करते, आणि तिचं मशीन माझ्या समोरच आहे.

माझ्यासारखाच आणखी एक इथे होता. कारखाना तोच, खोका तोच, बटणंही तीच. फक्त मॉडेल पुढचं. फरक होता तो आवाजाला ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हचा. माझ्यात ६५५० जातीचे चार, त्याच्यात केटी८८ जातीचे चार. तो खालच्या सुरात घुमायचा, मी मधल्या सुरात नेमका. निदान मला तरी तसं वाटतं. स्वतःची टिमकी कोण वाजवत नाही?

मग धाकट्याला एका बँडबरोबर गावोगाव हिंडायचं काम मिळालं. गाडीत जागा एकाच अँप्लिफायरला. एका दुपारी त्याने आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं, दोघांचाही आवाज पाचावर लावला आणि एकच धून आलटून पालटून वाजवली. मी जीव तोडून वाजलो. ताई मशीन थांबवून ऐकत होती.

"अरे, तो नुसता मोठा वाजतोय," ती म्हणाली. "त्याला जरा कमी कर, मग ऐक."

"दोघंही पाचावरच आहेत, ताई."

त्याचं पाच आणि माझं पाच सारखं नव्हतं. पण धाकटा घाईत होता, आणि मोठा आवाज कानाला गोडच लागतो. तो माझ्या भावाला घेऊन गेला.

घर अगदी सुनं झालं. माझ्या डोक्यावर कापडाचे तुकडे आणि रिळं साचली. मला फार एकटं वाटायचं. ताईलाही वाटत असणार, कारण एका संध्याकाळी तिने तो पसारा उचलला आणि मला चालू केलं. वाजवायला कोणीच नव्हतं. व्हॉल्व्ह नारिंगी झाले, स्पीकरमधून बारीक घरघर येऊ लागली.

"आता कसं, घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतंय," असं म्हणून ती शिवायला बसली. तेव्हापासून हे रोजचंच झालं.

परवा धाकट्याचा फोन आला. ड्रमच्या दणदणाटात बेस हरवतोय, सगळं गढूळ होतंय, तुझंच खरं होतं, असं तो म्हणाला. उद्या माणूस पाठवतो, त्याच्याकडे जुना दे. माझा आनंद गगनात मावेना. ताईने माझ्या टपावर हात ठेवला. टप चांगला गरम होता.

"तो बिघडलाय रे," ती म्हणाली. "चालूच होत नाही."

पलीकडे खालचे सूर ऐकण्यातच ज्याचा जन्म गेला, तो माणूस ऐकत होता.

"मग मागे घरघर कसली येतेय?"

"फ्रिज आहे."

"बरं," तो म्हणाला. "झोपताना फ्रिज बंद करत जा, ताई. त्याचे व्हॉल्व्ह लवकर जातात."

तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि कितीतरी वेळ मशीनला हात लावला नाही.

मला त्या गाडीतून जायचं होतं, हे कशाला लपवू? अजूनही जायचंय. पण तिला सोडून जा असं कोणी सांगितलं, तर तेही जमणार नाही. म्हणून धाकट्या, तूच ये एकदा. ताईजवळ बस, तार लाव आणि मला वाजव. मी बिघडलेलो नाही. तिलाही ठाऊक आहे, तुलाही.