कासविणीचा आवाज

कासविणीला आवाज मामींचा होता, आणि तो तात्पुरता आहे हे मामींसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

भाचीने मामांच्या पातळशा बालपुस्तकावर चित्रपट करायला घेतला, तेव्हा तिच्यापाशी दोन खोल्या, तीन चित्रकार आणि उदंड हौस एवढंच होतं. या कामात आधी आवाज घेतात, मग तो ऐकत ऐकत पात्राचं तोंड काढतात. नटी मिळेपर्यंत कुणीतरी हवं, म्हणून मामी कपड्यांच्या कपाटात, रजयांच्या मधोमध बसून कासविणीची वाक्यं बोलल्या.

"पायाने कासव आणि तोंडाने आगगाडी," मामा बाहेरून म्हणाले.

"तुम्हीच लिहिलीय तशी," आतून उत्तर आलं. "मला बघूनच ना?"

मामा चष्मा पुसत बसले. पुस्तकाला वीस वर्षं झाली होती; कासवीण म्हणजे मामीच, हे कुणाला कळलेलं नाही अशी त्यांची समजूत होती.

पुढची तीन वर्षं चित्रकारांनी मामींचा शब्दन् शब्द कागदावर उतरवला. रागावण्याआधीचा त्यांचा बारीक खोकलासुद्धा सोडला नाही. कासवीण खोकताना पंजा तोंडाशी नेई, थेट मामींसारखा.

मग मामींना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यांचं बोलणं उरलं ते भाचीच्या संगणकात.

चित्रपट पुरा होत आला तशी भाची एक कागद घेऊन आली. खुर्ची असून उभीच राहिली.

"वितरक तयार झालाय, मामा. पण कासविणीला नावाजलेली नटी हवी म्हणतो. लेखकाची संमती लागेल. तुम्ही नको म्हणालात तर मीही नको म्हणेन. शप्पथ."

"आणि चित्रपट?"

"राहील पडून."

तिघा चित्रकारांचे चेहरे मामांपुढे उभे राहिले. एकाने तर यापायी नोकरी सोडली होती. मामांना जन्मात कुणाला नको म्हणता आलेलं नव्हतं. ताटात वाढलेलं नावडतंही ते मुकाट संपवत. आतल्या खोलीत मामी जाग्या होत्या. त्यांना विचारायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने?

"खोकला तेवढा तिचा ठेवता येईल?"

"एका गळ्यात दोन आवाज कसे बसवू, मामा?"

"तेही खरंच," म्हणून मामांनी सही केली.

नटी गुणी निघाली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेपलीकडे पडद्यावरच्या कासविणीच्या ओठांशी ओठ जुळवता जुळवता दमून म्हणाली, "अगं बाई, ही श्वास कधी घेते?" सगळे हसले. खोकल्यापाशी ती थांबली. "हे फार गोड आहे हं. कुणाला सुचलं?"

मामांनी भाचीकडे पाहिलं, भाचीने जमिनीकडे.

"असंच," मामा पुटपुटले.

मामींना सांगायचं रोज ठरे आणि रोज राही. होता होता पहिला खेळ येऊन ठेपला.

मामींची चाकाची खुर्ची कडेला लावली होती. कासवीण पडद्यावर आली, बोलू लागली. मामींनी मान तिरपी करून ऐकलं. थोड्या वेळाने त्यांचे वाकडे झालेले ओठ हलू लागले. मामांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा ओठांकडे पाहिलं. एक शब्द पुढेमागे होत नव्हता. आवाज मात्र त्या दोघींपैकी कुणाचाच नव्हता. कासवीण खोकली तेव्हा मामींचा डावा हात उठून तोंडाशी गेला. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली.

मामींनी वळून मामांकडे पाहिलं.

"मी सही केली गं," मामा म्हणाले. "मला नको म्हणता आलं नाही."

पोरांच्या हसण्यात ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मामी क्षणभर बघत राहिल्या आणि घाईने पडद्याकडे वळल्या. कासविणीची अजून बरीच वाक्यं शिल्लक होती.