मागलं दार

जगातलं कुठलंही यंत्र आता आमच्या दीपालीला परकं राहिलेलं नाही, असं मी सकाळी अकराला जाहीर केलं. सव्वाअकराला तारापूरच्या एका कारखान्यातल्या यंत्रानं तिला दारातूनच परत पाठवलं.

दीपाली माझी सून. उमरोळीत, ओट्याशेजारच्या टेबलाशी बसून तिनं दोन वर्षं एका सॉफ्टवेअरचा सांगाडा रचला. कारखान्यानं त्यात आपल्याला हवे ते भाग बसवायचे. कुणी टाकीच्या उष्णतेचा, कुणी गळतीच्या इशाऱ्याचा. दोन कारखान्यांत तो मजेत चालला होता. या तिसऱ्यात चारपर्यंत चालला नाही, तर तिथले विक्रमसाहेब दुसऱ्या कुणाचं घेणार होते.

"अडलंय कुठं?" मी विचारलं.

"तिथं प्रत्येक भाग आपापल्या कप्प्यात बंद असतो, बाबा. माझा प्रोग्राम सरळ फोल्डर उघडून भाग शोधत सुटतो. तिथं असं डोकावूच देत नाहीत."

तेवढ्यात शेजारच्या माई मागल्या दारानं आत आल्या, आमचं फडताळ उघडलं, आमची विळी घेतली.

"दीपाली, तुझ्या प्रोग्रामला माईंचं वळण लागलंय," मी म्हणालो.

"मला काय नावं ठेवतोस, रामनाथ?" माई म्हणाल्या. "सरावलीला लेकीकडं जाते तवा खाली वॉचमनला नाव सांगून उभी राहते. तो वर फोन करतो, मंग जाते. सगळीकडं उमरोळी नाय, येवढं कळतं मला."

दीपाली हसली नाही. तिनं शोधण्याचं कामच सांगाड्यातून उपटलं आणि तिथं एक जागा रिकामी ठेवली. जिथं जायचं, तिथली रीत त्या जागेत बसवायची. जुन्या दोन कारखान्यांत पूर्वीसारखं फोल्डर उघडायचं. इथं मात्र यंत्राकडे भाग मागायचा आणि तो मिळेपर्यंत थांबायचं.

पावणेचारला पडद्यावर पहिला कप्पा हिरवा झाला. मग दुसरा. चाळीस बंद दारं, एकालाही धक्का न मारता, आतून उघडत गेली. तारापूरच्या टाक्या आमच्या चहाच्या पातेल्याशेजारी आपापली उष्णता सांगू लागल्या. जुने दोन्ही कारखानेही त्याच सांगाड्यावर चालू होते. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना. फोनवर विक्रमसाहेबांनी सगळे आकडे एकदा ताडून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, हेच ठेवतो."

माई विळी परत करायला आल्या होत्या. त्याही चाळीस हिरवे ठिपके बघत उभ्या राहिल्या.

"चांगलं झालं गो," त्या म्हणाल्या. "आता उठतेस तर मी गेल्यावर ते मागलं दार तेवढं लाव. कोणीबी शिरतं."