व्हर्लीनबाईंचे थांब्यावरचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने घडीचे स्टूल आहे. तीन लोखंडी नळ्या, त्यांना मधोमध धरून ठेवणारा एक जाड बोल्ट आणि वर ट्रकच्या ताडपत्रीचा निळा तुकडा, एवढाच माझा देह. मी कोणत्याही दुकानात विकायला नव्हते. मला अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात आल्सीड नावाच्या वेल्डरने आपल्या बहिणीसाठी बनवले, आणि खरे सांगायचे तर रागाच्या भरात बनवले.

त्याची बहीण म्हणजे व्हर्लीनबाई. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात त्या सकाळची न्याहारी बनवत. लहानपणापासून त्यांना फिट येत असे, म्हणून गाडी चालवण्याचा परवाना त्यांना कधी मिळाला नाही. ह्यूस्टनमध्ये पाव आणायचा तरी महामार्ग ओलांडावा लागतो, तिथे त्यांनी सगळा जन्म बसने काढला. त्यांचा थांबा म्हणजे उघड्या गटाराच्या काठावर रोवलेला एक खांब. बाक नाही, छप्पर नाही, चालायला फरशीसुद्धा नाही. एका सकाळी बस तासभर आली नाही. उभ्या उभ्या व्हर्लीनबाईंना फिट आली आणि त्या गवतावरून घसरून गटारात पडल्या. शेजारच्या चौकात दिवा लाल होता. गाड्या थांबलेल्या होत्या. दिवा हिरवा झाला, गाड्या गेल्या. मग पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. शेवटी बस आली तेव्हा तिच्या चालकाने खाली उतरून त्यांना वर काढले.

“शहराच्या कचेरीत अर्ज देऊ या का?” त्यांनी भावाला विचारले.

“दे ना. बाक येईल, नक्की येईल. तोवर आपण दोघंही आडवे झालेलो असू, त्यामुळे बसायला कुणी उरणार नाही,” आल्सीड म्हणाला. चौथ्या दिवशी तो मला काखेत घेऊन आला.

“हे काय आणलंस?”

“खुर्ची. बस हिच्यावर. आणि पडायचंच असेल तर बसल्या बसल्या पड, उंची तरी कमी.”

“मेल्या,” व्हर्लीनबाई म्हणाल्या आणि माझ्यावर बसल्या.

त्यानंतर अकरा वर्षे मी त्यांच्या खांद्याला लटकून हिंडले. ह्यूस्टनची सकाळ घामट असते. सूर्य वर येण्याआधीच माझी ताडपत्री ओली होई. डास माझ्या पायांशी घोंघावत. समोरून आठ रांगांत गाड्या सरकत, आणि मध्येच मालगाडी येऊन फाटकात आडवी उभी राहिली की सगळेच ठप्प. अर्धा तास, पाऊण तास, तिची मर्जी. पण थांब्यावर माणसे असत. लाँड्रीत काम करणारी एक बाई मला ‘महाराणीचं सिंहासन’ म्हणे आणि व्हर्लीनबाई उठल्या की पटकन बसून घेई. एखादा ओळखीचा ट्रकवाला गाडी थांबवून सगळ्यांना मागे चढवी. भिजलो तर सगळेच भिजत होतो. मला तिथे मान होता, मित्रांनो. ते माझे चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळले नाही.

मग एका वर्षी पूर आला. व्हर्लीनबाईंच्या भाड्याच्या घरात कमरेपर्यंत पाणी चढले. गाद्या, फ्रिज, फोटो, सारे रस्त्याच्या कडेला ढिगात गेले. मी लोखंडाचे, म्हणून वाचले. त्यांची मुलगी टोन्या दूरच्या फीनिक्स शहरात राहत होती. तिने आईला आपल्याकडे बोलावले.

आल्सीडला ते आवडले नाही. “तिकडे वाळवंट आहे, लीन. झाड नाही. तुला विजेच्या खांबाच्या सावलीत उभं राहावं लागेल.”

“आणि इथे काय, गळ्याइतक्या पाण्यात उभी राहू? तूच चल तिकडे.”

“मी? माझा ट्रक आहे, माझं चर्च आहे. मी नाही हलायचा.”

तो हलला नाही. आम्ही गेलो.

फीनिक्सचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. मैलभर चालावे तेव्हा एक मोठा चौक, पुन्हा मैलभर तसाच चौक. दोन्ही बाजूंना विटांच्या उंच भिंती, त्यांच्यामागे घरे. गटार नव्हते, चालायला रुंद फरशी होती. पहिल्या दिवशी मला वाटले, बरे झाले. पण त्या फरशीवर चालणारे कुणी नव्हते. उन्हाळा सुरू झाला तसे माझे पाय इतके तापू लागले की व्हर्लीनबाई मला उघडताना हाताला ओला रुमाल गुंडाळत. एका दुपारी त्यांनी पाहिले, थांब्यावरची चार माणसे एकामागे एक रांगेत उभी होती. खांबाची सावली तेवढीच होती, एका माणसाच्या रुंदीची. व्हर्लीनबाई हसल्या नाहीत. त्या जाऊन रांगेत पाचव्या उभ्या राहिल्या.

तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. बोलायला तोंडात ओल लागते. गाड्यांच्या काचा वर, आत थंड हवा. व्हर्लीनबाईंना एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळाले. टोन्या गोदामात कामाला जाई, तिची वेळ वेगळी, म्हणून जाता-येता बसच. रोज थांब्यावर बसून त्या भावाला फोन करत.

“कुठे पोहोचलीस?” आल्सीड विचारी.

“काल सोडलंस तिथेच आहे. तू?”

“पुलावर. पुढे ट्रक आडवा झालाय. पाऊण तासात दोनदा ब्रेक सोडला, त्यातही एकदा खाजवायला.”

“तुझ्याकडे निदान थंड हवा आहे.”

“आणि तुझ्याकडे सरळ रस्ता आहे. इथूनसुद्धा दिसायला हवीस तू, मध्ये काही नाही म्हणे तिकडे.”

कुणाचे शहर अधिक वाईट यावर ती दोघे इतकी भांडत की बस कधी आली ते कळत नसे. मला विचाराल तर तो वाद मिटण्यासारखा नव्हता. ह्यूस्टनमध्ये माणूस कुजायचा, फीनिक्समध्ये वाळायचा.

तीन वर्षांनी आल्सीडच्या बोलण्यात पूल येईना, ट्रक येईना. मधुमेहाने त्याची नजर अधू झाली होती, परवाना गेला होता. पुढे मूत्रपिंडेही गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागे. रुग्णांना न्यायला एक गाडी होती, ती कधी येई, कधी नाही. मग बस. पूर्वीच्याच त्या खांबापाशी. दोन बस बदलून, अडीच तास जायला आणि तेवढाच वेळ यायला.

“बसतोस कशावर?” व्हर्लीनबाईंनी एकदा विचारले.

“बसायचं काय त्यात. उभा राहतो,” तो म्हणाला.

त्यांनी सुटी मागितली. लांब पल्ल्याच्या बसमध्ये एक दिवस आणि वर काही तास बसून आम्ही ह्यूस्टनला गेलो. आल्सीड दारात आला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. माझा बोल्ट ज्या हातांनी आवळला, त्या हातांवर आता सुयांच्या गाठी होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघे थांब्यावर गेले. बसायला मी एकटेच.

“बस.”

“तू बस. मी तुझ्यासाठी बनवलंय ते.”

“आल्सीड, तुझे पाय बघ कसे सुजलेत.”

“आणि तुला फिट आली तर मी डोळ्यांनी बघणार आहे का तुला उचलायला?”

शेवटी कुणीच बसले नाही. बस येईपर्यंत मी दोघांच्या मध्ये उघडे उभे होते. परत निघताना व्हर्लीनबाईंनी मला त्याच्या दाराआड ठेवले.

“हे राहू दे तुझ्याकडे.”

“आणि तू?”

“आमच्याकडे आता बाकं बसवलीत सगळ्या थांब्यांवर. छप्परसुद्धा घातलंय.”

मित्रांनो, मी फीनिक्सच्या त्या थांब्यावर आठवड्यापूर्वीपर्यंत होते. तिथे बाक नव्हता. पण स्टुलाला बोलता येत नाही.

आल्सीड वर्षभर माझ्यावर बसला. चांगला बसला. मग एका जूनमध्ये टोन्याचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता, मी सारे ऐकले. थांब्यावर उभ्या असताना व्हर्लीनबाईंना फिट आली होती. त्या तापलेल्या फरशीवर पडल्या आणि काही मिनिटे तशाच पडून राहिल्या. दोन्ही तळहात आणि एक गाल भाजला होता. दवाखान्यात होत्या.

“बाकावरून पडली का?” आल्सीडने विचारले.

“बाक कुठला, मामा? इथे बाक नाही. कधीच नव्हता.”

आल्सीड माझ्यावरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, “बरं. तिला सांग, मी चांगला आहे.”

त्या दिवसापासून तो माझ्यावर बसला नाही. मला थांब्यावर नेई, पण घडी करून काखेत धरून उभा राही. लाँड्रीतली ती बाई म्हणाली, “अहो, आहे तर बसा ना.” तो म्हणाला, “हे माझ्या बहिणीचं आहे. तिच्याकडे पाठवायचंय.”

पाठवायला जाण्याइतके त्राण मात्र त्याच्यात उरले नव्हते. एका मंगळवारी मालगाडी फाटकात आडवी थांबली. बस पलीकडे अडकली. आल्सीड दोन तास उन्हात उभा राहिला, मग डायलिसिसला न जाताच चाचपडत घरी परतला. गुरुवारी पुन्हा बस आली नाही. त्या दिवशी तो फार वेळ थांबलाच नाही. त्याने घरी येऊन मला कोपऱ्यात टेकवले आणि पलंगावर पडला. शनिवारी शेजाऱ्यांनी दार उघडले.

व्हर्लीनबाईंच्या हातांना पट्ट्या होत्या, डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. टोन्या विमानाने आली. पण विमानतळापासून दफनभूमीपर्यंतच्या रस्त्यावर पुढे कुठेतरी अपघात झाला होता. ती पोहोचली तेव्हा माती टाकून झाली होती आणि दोन माणसे खुर्च्या आवरत होती. नंतर ती आल्सीडच्या घरी आली. मला उचलून पाहिले. आईचे स्टूल तिने ओळखले. पण माझी ताडपत्री एका बाजूने उसवली होती आणि तिच्या पिशवीत मी मावत नव्हते. तिने मला थांब्यावरच्या खांबाला टेकवून ठेवले. “कुणाच्या तरी उपयोगी पडेल,” ती स्वतःशीच म्हणाली.

नऊ दिवस मी तिथेच पडून होते. दहाव्या दिवशी रस्ता साफ करणाऱ्यांनी मला कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकले. आता मी भंगाराच्या ढिगात आहे. माझ्यावर एक तुटका फ्रिज आहे. इथूनही महामार्गाचा आवाज येतो. तो थांबत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी काही मागायचे असते. स्वतःसाठी मागण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. तुमच्या गावातही रस्ते रुंद होत असतील. त्यांच्या कडेला कुणी उभे दिसले तर त्याला बसायला जागा हवी, हे कुणा मोठ्या माणसाला सांगा. तुम्ही सांगाल, ते मान डोलावतील आणि गाडी पुढे नेतील, हे मी पाहिले आहे. तरी सांगा. फीनिक्समध्ये शाळा पुन्हा सुरू झाली असेल. या वेळेला व्हर्लीनबाई थांब्यावर उभ्या असतात.